रिकामा रकाना म्हणजे काय रे भाऊ?

सध्या संगणकवाल्यांत एक नवीच माया उपजली आहे. एआय एजंटाच्या हाती डेटाबेसचं अवजार द्यायचं, तर सोबत स्वच्छ भाषेत लिहून द्या : रकान्याचा अर्थ काय, एकक कोणतं, रिकामी जागा म्हणजे शून्य की मोजलंच नाही. नाहीतर बिचारं गोंधळतं आणि ठोकून देतं.

बिचारं! जव्हार-मोखाड्यातल्या अंगणवाडीताईचे असे लाड कोणी केले नाहीत. 2021 साली मुलांच्या नोंदी भरायचं सरकारी ॲप, पोषण ट्रॅकर, आलं ते इंग्रजीत; राज्यातल्या सेविकांनी मोबाइलच परत केले. त्यातलं 'सॅम' म्हणजे अतितीव्र कुपोषित, 'मॅम' म्हणजे मध्यम. (जीपमधून उतरतात त्या मॅम वेगळ्या.)

असो. एजंटासाठी लिहायला घेऊ. दंडघेर 11.5 असेल तर सेंटिमीटर, 115 असेल तर मिलिमीटर, मूल तेच. आणि वजनाचा रकाना कोरा असेल तर? इथे खरी गोम आहे. दिवाळीनंतर पाड्यांवरची घरं भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. पोर आईच्या कडेवर, वजनकाटा मात्र अंगणवाडीत. एजंट कोऱ्या जागा गाळून बेरीज मारील आणि कळवील : कुपोषण घटलं. असा अहवाल द्यायला साहेबांना तर एवढी वीजही लागत नाही.

ताईच्या वहीत समासात पेन्सिलीनं लिहिलेलं असतं : 'भट्टीवर गेलीत. होळीला येतील.'

आता होळी ही तारीख कोणत्या नमुन्यात भरायची, तेवढं कोणीतरी लिहून द्या.