वराह, मगर आणि १ जून

घरातल्या माणसांना जनावरं ठरवायला चीनपर्यंत जायची आपल्याला काही गरज नव्हती. ती सोय मराठी घरात पूर्वापार आहे. उशिरा उठणारा रेडा, गणितात नापास होणारा गाढव, बायकोचं ऐकणारा बैल आणि न ऐकणाराही बैलच. पंचांगाचं काम तर त्याहून शिस्तीचं. पत्रिका जुळवताना छत्तीसातले चार गुण योनीचे, आणि योनी चौदा. त्यात घोडा, हत्तीपासून मुंगसापर्यंत सगळे आले. माझी योनी मूषक, नवऱ्याची मार्जार. म्हणजे चारपैकी शून्य. गुरुजींनी बाकीच्या रकान्यांतून गुण गोळा करून आम्हाला पासापुरतं वर काढलं. एवढंच काय, आपल्याकडे पावसाची नक्षत्रंसुद्धा पायी येत नाहीत. कधी बेडकावर येतात, कधी म्हशीवर, कधी गाढवावर.

तरीही लेकीनं जाहीर केलं, की हॉलच्या रिकाम्या भिंतीसाठी आपल्या खानदानाची एक वाकळ करायची आणि तिच्यावर प्रत्येकाचा चिनी प्राणी शिवायचा. ती चित्रकला शिकते, त्यामुळे तिला घरातलं कुणी अडवत नाही. नियम एकच. ज्याचा प्राणी, त्याच्याच जुन्या कपड्यातून तो कापायचा. सासूबाईंना कल्पना आवडली. चीनशी त्यांना कर्तव्य नव्हतं, पण कपाटातली जुनी धोतरं एकदाची मार्गी लागणार होती.

चिनी हिशेब तसा सोपा आहे. बारा वर्षं, बारा प्राणी : उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर. ज्या वर्षी जन्म, तो प्राणी तुमचा. फक्त त्यांचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही, २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी होतं. माझा जन्म जानेवारी १९७७चा. सालावरून मला साप दिला गेला होता, तेवढ्यात लेकीला त्या वर्षीचं चिनी नववर्ष १८ फेब्रुवारीला असल्याचं सापडलं आणि मी मागच्या वर्षात जाऊन ड्रॅगन झाले. दीर १९७६चे, तेही ड्रॅगन. सून आणि दीर एकाच वेळी आग ओकणार म्हटल्यावर जाऊबाईंनी स्वयंपाकघराकडे काळजीनं पाहिलं.

ड्रॅगन काढायचा कसा, यावर मात्र सांगलीत फार चर्चा झाली नाही. सांगलीकराला ड्रॅगन बघायला लांब जावं लागत नाही. भिलवडी-औदुंबरच्या बाजूला कृष्णेच्या काठावर उन्हं खात पडलेल्या मगरी कुणीही दाखवेल. लेकीनं आधी ‘परंपरेत बदल चालत नाही’ असं सुनावलं, आणि मग तिनंच शोधून काढलं की व्हिएतनामच्या लोकांनी याच यादीतला ससा काढून मांजर घातलंय, बैलाच्या जागी म्हैस घातलीय. व्हिएतनामला जे चालतं ते सांगलीला का चालू नये? ड्रॅगनची मगर झाली. माझ्या हिरव्या परकराची. शालूला मी हात लावू दिला नाही.

नवरा १९७४चा, म्हणजे वाघ. ही बातमी त्यानं ज्या संयमानं स्वीकारली त्यावरून त्याला ती आधीपासून ठाऊक असावी. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला, कोयना आणि चांदोली मिळून. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत तो पसरलाय. पण तिथला वाघ वर्षानुवर्षं माणसांना दिसला नाही, दिसला तो जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यात. आमचाही वाघ भांडी घासायच्या वेळी असाच फक्त फोटोत असतो. त्याच्या जुन्या पिवळ्या स्वेटरचा वाघ झाला. पट्टे माझ्या काळ्या पोलक्याचे, हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

सासूबाई १९५३च्या, म्हणजे साप. दुसऱ्या कुठल्या बाईनं यावर तोंड वाकडं केलं असतं. पण आमच्या सासूबाई बत्तीस शिराळ्याच्या. जिवंत नागांची पूजा कोर्टानं बंद केली, तरी नागाला भाऊ मानून उपवास धरणारं ते गाव. “माझा भाऊच तो, माझ्याच लुगड्यातून काढ,” म्हणत त्यांनी इरकली लुगडंच पुढे केलं. अडचण एवढीच आली, की लेक कात्री घेऊन बसली तो दिवस नेमका नागपंचमीचा. त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, शिवायचं नाही. भावाला भावाच्याच सणाला कापायला निघालेल्या नातीची कात्री आजीनं देव्हाऱ्यामागे ठेवून दिली.

माझं माहेर साताऱ्याचं, तिकडचेही प्राणी आले. धाकट्या आत्याची जन्मतारीख विचारावी लागली नाही, ती अख्ख्या पाटण तालुक्याला पाठ आहे : ११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप झाला ती पहाट. ते वर्ष मेंढ्याचं. भूकंपाबरोबर जगात आलेल्या बाईला मेंढी म्हणायला कुणी धजेना. शेवटी जत तालुक्यातली माडग्याळी मेंढी काढायची ठरली. पोपटाच्या चोचीसारखं बाकदार नाक, आणि चांगल्या नराची किंमत लाखांत. लाखांचा आकडा ऐकल्यावर आत्यानं होकार दिला. नाकाबद्दल ती अजून मला विचारते.

पुसेगावच्या बाजूचे मामा १९६१चे, बैल. हे म्हणजे त्यांच्या मनातलंच. १८ मे २०२३ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतीचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून न्यायव्यवस्थेवर त्यांची श्रद्धा बसली आहे. पण लेकीनं त्यांना गोष्ट सांगितली. चिनी देवाधिराज जेड सम्राटानं प्राण्यांची शर्यत लावली. नदी पार करताना उंदीर बैलाच्या पाठीवर बसला आणि शेवटच्या क्षणी उडी टाकून पहिला आला. बैल दुसरा. मामा उठून उभेच राहिले. “ह्यो निकाल बाद हाय! बैल पळाला, बैलानंच पाणी काटलं, आन् नंबर उंदराचा? झेंडा पंच कोण हुता?”

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “पाव्हणं, आमच्या गणपतीचा उंदीरसुद्धा आई-बापाला प्रदक्षिणा घालूनच पहिला आला. कार्तिकेयाचा मोर पृथ्वी फिरून आला, त्यानं कुठं तक्रार केली?” गणपती म्हणजे सांगलीत शेवटचा शब्द. मामा बसले. नंतर मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, की मोराची केस लढवायला हवी होती.

खरं महाभारत घडलं ते सासऱ्यांवरून. अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९४९. आमच्याकडच्या जुन्या पिढीत घरटी एक माणूस १ जूनला जन्मलेला सापडतो. हा आयांचा संकेत नव्हे. शाळा जूनमध्ये उघडायची, गुरुजी पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का बघायचे, आणि त्यावरून साल ठरवून तारीख ठोकून द्यायचे. त्या हिशेबानं अण्णाही बैल. खिलारी, पांढराशुभ्र, धोतराच्या कापडाचा. अण्णा खूश होते. तेवढ्यात त्यांच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे आत्याबाईंनी, जपमाळ थांबवली.

“कसला एकोणपन्नास? पंधरा ऑगस्टला आई झेंडा बघाय गेली तवा ह्यो पोटात हुता. गांधीजी गेले तवा पाळण्यात. हात आखूड हुता म्हणून मास्तरनं दोन वर्सं कमी लावली.”

लेकीनं मोबाइलमध्ये पाहिलं. २२ जानेवारी १९४७ ते ९ फेब्रुवारी १९४८. तिनं ते मोठ्यानं वाचलं नाही, फोन माझ्या हातात दिला. मी नवऱ्याला दिला. वाघानं तो दिराला दिला. शेवटी अण्णांनीच चष्मा लावून वाचलं : डुक्कर.

बराच वेळ पंख्याचाच आवाज. मग अण्णा मुख्याध्यापकाच्या स्वरात म्हणाले, “मला पेन्शन १ जून १९४९ वर मिळते. प्राणीही त्याच तारखेवर मिळाला पाहिजे.” अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले अण्णा प्रत्यक्षात साठीला टेकले होते, हा हिशेब खोलीत प्रत्येकानं मनात केला आणि कुणीही तोंडाबाहेर काढला नाही.

सोडवलं पंचांगानंच. माझा मुलगा २००७चा, त्याचं वर्षही डुकराचंच. त्याला काही वाटत नव्हतं, तो बिनदिक्कत आजोबांशेजारी जाऊन बसला. आत्याबाईंनी बोटं मोजली. सत्तेचाळीसच्या पाडव्यापासूनचं संवत्सर सर्वजित, शके १८६९. आपली संवत्सरं साठ, आणि साठ वर्षांनी २००७ला पुन्हा सर्वजित. चिनी चक्रही साठांचंच, तिकडेही दोघं अग्नितत्त्वाचेच डुक्कर. आजोबा-नातू दोन्ही पंचांगांत एकाच घरात. ‘सर्वजित’ हे नाव ऐकल्यावर अण्णांचा चेहरा सैल झाला. “विष्णूचा तिसरा अवतार कोणता?” त्यांनी नातवाला विचारलं. नातवाला आला नाही. मग दशावतारांवर अर्धा तास शिकवणी झाली, आणि शेवटी सुळ्यांवर पृथ्वी उचललेला वराह मंजूर झाला. बैलही राहिलाच. कागदोपत्री बैल, घरगुती वराह. एकाच धोतराचे दोन्ही.

वाकळ चांगली झाली. भिंतीवर मात्र ती पहिल्या थंडीपर्यंतच टिकली. नाग सासूबाईंच्या पायाशी आणि वराह अण्णांच्या छातीवर येईल अशी दिशा धरून ती रोज रात्री पांघरली जाते, आणि कलेचा हा अपमान आहे हे लेकीचं म्हणणं त्या दोघांनी ऐकून घेतलं आहे.

कुणाला आपल्या घरी असा उद्योग करायचा असेल, तर आधी शाळेचा दाखला कपाटात ठेवा आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आत्याला बोलवा. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांनी चिनी नववर्षाची तारीख पाहिल्याशिवाय कापड कापू नये. आणि ज्यांच्याकडे पाळणा हलणार आहे त्यांच्यासाठी : १७ फेब्रुवारी २०२६ पासून ५ फेब्रुवारी २०२७ पर्यंत घोडा, त्यानंतर मेंढा. मेंढा आलाच तर नाक सरळ काढा.