झाकण उघडायचं नाही

मे महिना उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांमागच्या ग्रिलांवरची आवरणं निघतात. एरवी गॅसपाशी चहापलीकडे न गेलेला कर्ता पुरुष हातात लांब चिमटा घेऊन, जबाबदार चेहऱ्याने उभा राहतो. बर्गर, कणसं, पनीर टिक्का इथवर सगळं ठीक चालतं. मग कधीतरी शेजारी कुंपणापलीकडून अख्खी कोंबडी स्मोक करायची कल्पना डोक्यात सोडून देतो.

कृती ऐकायला सोपी. कात्रीने कणा काढून कोंबडी सपाट पसरायची, मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडीच ठेवायची, म्हणजे कातडी सुकते. दुसऱ्या दिवशी पेटलेले कोळसे ग्रिलच्या एका कडेला लोटायचे, त्यांवर सफरचंदाच्या नाहीतर हिकरीच्या लाकडाचा ढलपा. सुरुवातीला पांढरा, दाट धूर येतो. दिसायला रुबाबदार, पण चवीला कडू. तो ओसरून जेमतेम दिसणारा निळसर धूर आला, की कोंबडी दुसऱ्या कडेला ठेवायची, झाकण लावायचं आणि मग काही म्हणजे काही करायचं नाही.

इथेच आपलं घोडं अडतं. आपला सगळा स्वयंपाक परतण्यावर, हलवण्यावर आणि 'लागलं का बघ गं' यावर उभा. इथे झाकण उचललं की साठलेली धग भुर्रकन उडून जाते आणि जेवण लांबतं. खरं तर या ग्रिलमध्ये शोध कसला असेल तर तो झाकणाचाच. शिकागोजवळ वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये बोयांसाठी धातूचे अर्धगोल बनत. तिथल्या जॉर्ज स्टीफनने 1952 मध्ये त्यातूनच झाकणाचं गोल ग्रिल बनवलं, कारण उघड्या विस्तवावर वारा त्याला सुखाने काही भाजू देईना. त्याने एवढ्या खटपटीने घातलेलं झाकण आम्ही दर दहा मिनिटांनी उचलतो.

सहा महिन्यांसाठी कोल्हापुराहून आलेल्या सासूबाई खुर्ची टाकून बसलेल्या असतात. "किती शिट्ट्या झाल्या?" शिट्टी नसते, थर्मामीटर असतो. मांसाच्या पोटात 165 फॅरनहाइट, म्हणजे 74 सेल्सिअस झालं की कोंबडी खायला निर्धोक, असं इथलं सरकार सांगतं. सासूबाईंचा ना या सरकारवर विश्वास, ना त्या. आणि कापल्यावर नेमकी आत गुलाबी झाक निघते. धुरातले वायू मांसातल्या रंगद्रव्याशी जुळले की तो रंग शिजल्यावरही टिकतो, हे मी समजावून सांगतो. तोवर निम्मी पाहुणेमंडळी कोशिंबिरीकडे वळलेली असतात.

रायगडकडचं कोणी असलं तर मात्र मला साथ मिळते. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा आणि कोंबडी घालून मडकं पालथं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा, ही पोपटी ज्याने हिवाळ्यात शेतात बसून खाल्ली आहे, त्याला न बघता वाट पाहणं शिकवावं लागत नाही. तो मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज ऐकतो आणि 'झालं' म्हणतो. थर्मामीटर गेला खड्ड्यात.

सगळ्यात जिवाला लागते ती कातडी. धुराची उत्तम चव बसते तिच्यावर. त्यातही आच फार मंद ठेवली तर ती रबरासारखी होते, म्हणून शेवटी आच तीनशे फॅरनहाइटच्या पुढे न्यायची, इतके तिचे लाड. आणि आमची माणसं ती अलगद सोलून ताटाच्या कडेला ठेवतात, कारण आपल्याकडे कोंबडी कातडी काढूनच घरी येते.

पुढचा प्रश्न ठरलेला : रस्सा कुठाय? या प्रश्नाला मी हसत नाही. अलाबामातल्या डिकेटर गावी बिग बॉब गिब्सनच्या हॉटेलात धुरावरची कोंबडी मेयोनीज, व्हिनेगर आणि मिरपुडीच्या पांढऱ्या सॉसमध्ये बुडवून देतात. नुसतं कोरडं घशाखाली उतरत नाही, हे त्यांनाही कळलेलं आहे.

सासूबाईंनी तर यावर आपला तोडगा काढला. रात्री उरलेला सांगाडा त्यांनी पाण्यात उकळत ठेवला, सकाळी त्यात घरून आणलेला कांदा-लसूण मसाला पडला आणि तो धुरकट तांबडा रस्सा पातेलं पुसून संपला.

"जावईबापू, पुढच्या शनिवारी पुन्हा लावा की," त्या म्हणाल्या. "मांस पाहुण्यांना घाला. हाडं तेवढी माझ्याकडे द्या."