३२ अंशांचा रुसवा

आमच्या घराण्यातल्या पुरुषांचा पारा लवकर चढतो, ही बातमी आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बायकांनी केव्हाच गावभर केली आहे. चढण्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. घोडं अडतं ते उतरण्यापाशी. एप्रिलमध्ये मी आणि नागपूरचा दादा वडिलांच्या जुन्या टेबलफॅनवरून भांडलो. तो पंखा दहा वर्षांपासून बंद आहे, हे दोघांनाही फोन आपटल्यावर आठवलं. पण आठवलं म्हणून काय झालं? फोन बंद तो बंद.

मे महिन्यात एका सकाळी दादाची लेक आली. ती पुण्यात रसायनशास्त्रात पीएच.डी. करते. बापाचं आणि काकाचं बिनसलेलं तिला माहीत असणारच, पण ती त्यावर अवाक्षर बोलली नाही. पर्समधून बोटाएवढी, घट्ट बुचाची काचेची बाटली काढून म्हणाली, "काका, मुठीत धर."

आत पाणीच होतं. आरपार दिसणारं, जराशी निळसर झाक असलेलं. चहा संपेपर्यंत मूठ मिटून बसलो आणि उघडली, तर बाटलीत दूध! "आता टेबलावर ठेव," ती म्हणाली. बिस्किटं संपेपर्यंत दुधाचं पुन्हा पाणी.

त्या पाण्यात जेलचे अतिसूक्ष्म गोळे होते. एका केसाच्या रुंदीत शंभरेक शेजारी शेजारी बसतील, एवढे. पदार्थाचं नाव पॉली-एन-आयसोप्रोपिल ॲक्रिलामाइड. मुलं लाडानं पीनिपाम म्हणतात. गारव्यात हे गोळे भिजल्या साबुदाण्यासारखे टम्म फुगलेले असतात. साधारण ३२ अंश सेल्सिअस ओलांडले, की पोटातलं पाणी बाहेर टाकून आकसतात. व्यास निम्म्यावर आला म्हणजे आकारमान एक-अष्टमांश. घट्ट झालेले हे गोळे प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून दूध दिसतं.

मला पटेना. तूप तापलं की पातळ होतं, पाक तापला की सैल होतो. हे काय उलटंच? त्यावर ती म्हणाली, "मांडवातली पाहुणेमंडळी आठव." या पदार्थाच्या लांब रेणूसाखळीचा एक भाग पाण्याशी हात धरून असतो, दुसऱ्याला पाण्याचं वावडं. गारव्यात पाण्याचे रेणू त्या नावडत्या भागाभोवतीही शिस्तीत बसून राहतात. उकाडा वाढला, की त्यांना मोकळीक हवीशी होते. ते उठून गेले, की पाण्याचं वावडं असलेले भाग एकमेकांना बिलगतात आणि गोळा मिटतो. अंडंही तापून पांढरं होतं, पण त्याला परतीची वाट नाही. हा गोळा मात्र गार झाला की मागचं काही मनात न ठेवता पुन्हा फुगतो.

या साखळीचा हा स्वभाव १९६८ साली हेस्किन्स आणि गिलेट यांनी नोंदवला. १९८६ मध्ये पेल्टन आणि चिबांते यांनी तिचे सूक्ष्म गोळे बनवले. ते बनवतात कढत पाण्यात, म्हणजे बिचारे जन्मतःच रुसलेले! पाणी निवलं, की आयुष्यात पहिल्यांदा फुलतात. आमच्या पुण्यातही पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जेलचा अभ्यास केला. फुगण्या-आकसण्याच्या अभ्यासाला पुण्याइतकं योग्य गाव मला तरी सुचत नाही.

टोकियोच्या तेरुओ ओकानो यांनी तर याच पदार्थाचा पातळ थर दिलेल्या बशीत पेशी वाढवल्या. एरवी बशीला चिकटलेल्या पेशी सोडवायला त्यांच्यातले दुवे विकरांनी तोडावे लागतात, नाहीतर त्या खरवडाव्या लागतात. इथे ३७ अंशांवरून बशी २० अंशांपर्यंत गार केली, की थर पाणी पिऊन फुगतो आणि पेशींची अख्खी चादर अलगद सुटून येते.

"मोठा गोळा केला तर?" मी विचारलं.

"मग वेळ लागतो. एमआयटीच्या तोयोइची तानाका यांनी दाखवलंय. आकार दहापट, तर वेळ शंभरपट. हे बारके पापणी लवायच्या आत रुसवा सोडतात. आवळ्याएवढा असेल, तर दिवसच्या दिवस."

मी माझ्या देहयष्टीकडे पाहिलं. दादा तर माझ्याहून भरदार. शिवाय पंख्याचं मूळ भांडण मोहरीएवढं होतं. त्याला भोपळ्याएवढं आम्हीच वाढवलं होतं. हिशेब केला, तर दिवाळीही उलटून गेली असती.

पुतणी सुट्टीला नागपूरला गेली, बाटली घेऊन. चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. नाव पाहून घसा खाकरला.

"हिची बाटली बिघडली आहे," दादा म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "सकाळपासून पांढरीच्या पांढरी. मुठीत धरा, नाहीतर टेबलावर ठेवा, काही फरक नाही."

"नागपुरात किती आहे?"

"पंचेचाळीस."

"मग बाटलीचा काय दोष, दादा? ३२च्या खाली आल्याशिवाय ती उमलत नाही. माठातल्या पाण्यात बुडवून ठेव."

फोन तसाच चालू राहिला. माठावरचं झाकण सरकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ आम्ही दोघं काहीच न बोलता थांबलो. पंख्याचा विषय त्यानं काढला नाही, मीही नाही.

"उजळली रे," शेवटी तो म्हणाला. आणि जरा थांबून, "तुझ्याकडे किती आहे?"

"अडतीस. पण संध्याकाळी वारा सुटतो."