खासबाग लपवू नका

प्रॉडक्ट मॅनेजर व्हायचं असलेल्या मुलामुलींचे अर्ज अधूनमधून माझ्याकडे वाचायला येतात. बेळगावच्या शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ इथली मुलं. अर्जात सगळं असतं. हॅकेथॉन, ऑनलाइन कोर्सची प्रमाणपत्रं, फिग्मा, एसक्यूएल. आपण कुठे वाढलो, तेवढंच खरवडून काढलेलं असतं. घरात माग आहेत, वडील विणकर आहेत, याचा उल्लेखसुद्धा नाही. मला याचा राग येतो. मुलांचा कमी, त्यांना हे शिकवणाऱ्यांचा जास्त.

प्रॉडक्ट मॅनेजरचं काम म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण बेळगावात आजही लोक याला सेल्स समजतात. लोकांची अडचण ओळखायची, कुठली आधी सोडवायची ते ठरवायचं आणि इंजिनिअर, डिझायनर यांना बरोबर घेऊन ती सोडवून घ्यायची. अनुभव नसलेल्याला हे काम सहसा कुणी देत नाही. २००२ मध्ये मात्र गूगलमध्ये मारिसा मायर यांनी नव्या पदवीधरांसाठी ‘असोसिएट प्रॉडक्ट मॅनेजर’ नावाचा दोन वर्षांचा कार्यक्रम सुरू केला. पुढे इतर कंपन्यांनीही तो कित्ता गिरवला. फ्लिपकार्टसारख्या बेंगळुरूच्या कंपन्यांकडेही असे कार्यक्रम आहेत. जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या आणि अर्जांचा पाऊस.

या कामाचं मूळ मात्र संगणकाच्याही आधीचं आहे. १३ मे १९३१ रोजी प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या नील मॅकेलरॉय या तरुणाने साहेबांना तीन पानी टिपण लिहिलं. प्रत्येक साबणामागे एक जबाबदार माणूस हवा, माल खपत नसेल तर त्याने त्या भागात स्वतः जावं, दुकानदाराला भेटावं, गिऱ्हाइकाला भेटावं, आणि मग उपाय सुचवावा. आजच्या प्रॉडक्ट मॅनेजरचा वंश तिथून मोजतात.

आता खरा मुद्दा. २००७ मध्ये गूगलने आपल्या त्या दोन वर्षांच्या कार्यक्रमातल्या निवडक पोरांना जगाच्या दौऱ्यावर पाठवलं. स्टीव्हन लेव्ही हे पत्रकार बरोबर होते, ‘इन द प्लेक्स’ या पुस्तकात त्यांनी ते लिहिलं आहे. दौऱ्यात ही मुलं आपल्याच कर्नाटकात, बेंगळुरूबाहेरच्या रागिहळ्ळी नावाच्या खेड्यात आली. तिथल्या एका गावकऱ्याला गूगलचं नावही ठाऊक नव्हतं. म्हणजे लोक कसे राहतात, फोन कशाला वापरतात, हे बघायला कंपनी विमानाचा खर्च करते. आणि ज्यांना हे जन्मापासून दिसतं, त्यांचा अर्ज कॉलेजचं नाव बघून पहिल्या चाळणीत बाजूला पडतो. बऱ्याच कंपन्यांची कॅम्पस भरती ठरलेल्या दहा-पंधरा दारांपलीकडे जात नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मुलांना महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वेगळी सोय आहे. तिच्या जोरावर पुण्याचं कॉलेज मिळतं, पण या चाळणीला तेही पुरत नाही.

चाळणीतून जी एखादी मुलगी पार होते, ती मुलाखतीत काय करते? पाठ केलेलं बोलते. या मुलाखतीत अंदाजाचा प्रश्न हमखास असतो. समजा विचारलं, बेळगावात एका दिवसात किती साड्या विणल्या जातात? क्लासने शिकवलेलं उत्तर लोकसंख्येपासून सुरू होतं आणि टक्क्यांची उतरंड रचत जातं. विणकराच्या घरातल्या मुलीने तसं का सांगावं? तिला माहीत आहे की माग किती आणि चालू किती, हे दोन वेगळे आकडे आहेत. करंट गेला की माग बंद. धोट्यातली कांडी संपली की थांबतो. बीम संपला की नवा जोडताना ताण्याचा एकेक धागा जुन्या धाग्याला सांधावा लागतो, तेवढा वेळ खडखड थांबलेली असते. आणि सूत देणारा व्यापारी तयार माल उचलत नसेल, तर सगळं धडधाकट असूनही माग बंद ठेवावे लागतात. कुठे यंत्र अडतं आणि कुठे बाजार अडतो, हे तिने असं फोडून सांगितलं, तर समोरचा माणूस पेन खाली ठेवून ऐकेल. त्याला हेच हवं असतं. आकडा चुकला तरी चालतो, आकड्यापर्यंत कसं पोचलात ते तो बघतो.

दुसरं उदाहरण खासबागच्या रविवारच्या बाजारातलं. भाजीवालीचे हात ओले, फोन पिशवीत, समोर तीन गिऱ्हाइकं. क्यूआर कोडवर पैसे आले की नाही, हे तिला कळणार कसं? या अडचणीतून बोलणारा डबा आला. पेटीएमने साउंडबॉक्स आणला तो २०१९ मध्ये. पण खासबागेत पुढचा प्रश्न उभा राहतो. तो डबा बोलणार कुठल्या भाषेत? भाजीवाली कडोलीची, मराठी बोलणारी. शेजारचा विक्रेता बैलहोंगलकडचा, कन्नड बोलणारा. गिऱ्हाईक भाव एकीत विचारतं आणि घासाघीस दुसरीत करतं. डबा विकणाऱ्याच्या खात्रीसाठी बोलतो की पैसे देणाऱ्याच्या? दोघांचे डबे एकाच वेळी बोलले तर कुणाचे वीस आणि कुणाचे तीस? आवाज वेगळा ठेवावा, की आकड्याआधी एखादा सूर द्यावा? बेंगळुरूच्या काचेच्या इमारतीत बसून याचं उत्तर सुचणं कठीण आहे. बाजारात एक सकाळ उभं राहिलं तर सुचेल. आणि हे उत्तर ज्या मुलीकडे असेल, तिने मुलाखतीत अमेरिकेतल्या कुठल्या तरी अ‍ॅपची सुधारणा का सांगत बसावं?

क्लासवाले सांगतात, घरचं काही बोलू नका, प्रोफेशनल दिसत नाही. हा सल्ला साफ चुकीचा आहे. पैसे घेऊन तो देणं तर त्याहून वाईट. तयारी हवीच. आकडेमोड हवी, इंग्रजीत नीट बोलता यायला हवं, तांत्रिक बाजू पक्की हवी, मित्रांना समोर बसवून सराव हवा. पण सरावात घालायचा ऐवज आपलाच असला पाहिजे.

बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांनाही एक सांगणं आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय या शहरात आहे. उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, खासबाग-वडगावात यंत्रमाग आहेत. तरीही शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट तयार विकत घेतले जातात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते बंद करा. चार मुलांची एक तुकडी एका मागवाल्याकडे महिनाभर पाठवा. त्याचा माग का थांबतो ते लिहून काढू द्या, एक अडचण सोडवू द्या, आणि सोडवलेलं तो खरंच वापरतो का, ते महिन्याने परत जाऊन बघू द्या. अर्जात लिहायला याहून चांगलं काय असणार?

मुलांनो, सूत कुणाकडून येतं, उधारी किती दिवसांची असते, कुठली साडी परत येते आणि का, हे घरी विचारा. वहीत लिहा. मग अर्ज लिहायला बसा.

आणि बेंगळुरूच्या कंपन्यांनो, १० ऑगस्ट २०२५ पासून बेळगाव-बेंगळुरू वंदे भारत सुरू आहे. आमची मुलं पहाटे तिच्यात बसून दुपारी तुमच्या शहरात उतरतात. तीच गाडी परत इकडे येते. तिच्यात तुम्हीही बसा. ते जमत नसेल, तर पुढच्या भरतीत अर्जावरची कॉलेजची ओळ झाका आणि पहिली चाळणी तशी लावून बघा.