कंबर नावाचा गैरसमज

हृदयरोग नुसत्या माहितीला घाबरून पळत असता, तर माझ्या आसपासच्या चार बिल्डिंगांत तो फिरकलाच नसता. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, सुटलेलं पोट, बैठं काम, सगळे धोके मला तोंडपाठ. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ साली हजारो धडधाकट माणसांची नावं लिहून घेतली, वर्षानुवर्षं त्यांच्यावर नजर ठेवली आणि कुणाचं हृदय कशामुळे दगा देतं हे शोधलं, हे मी लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला इतकं रंगून सांगतो, की वाढपी जिलब्या वाढून कधी जातो ते मला कळत नाही. पोटाला कळतं.

आता, भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या आत हवी. माझी पँट चौतीसची, तेव्हा मी निर्धास्त होतो. पण आमच्या हिने शिवणाच्या डब्यातली टेप काढली, पँट पोटाच्या पायथ्याशी बांधतात आणि माप शेवटची बरगडी नि कमरेचं हाड यांच्या मधोमध घेतात हे ऐकवलं आणि टेप गुंडाळली. मी श्वास रोखून धरला. तीही कसलेली, टेप न सोडता तिने दूधवाल्याचा हिशेब विचारला, गॅसचा नंबर लावला का विचारलं, शेवटी माझ्या आत्याच्या स्वभावाबद्दल असं काही बोलली, की उत्तर देणं भाग पडलं. श्वास सुटला.

एक्केचाळीस.

मग मीठ. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. मी ताटात वरून मीठ घेणं त्याच दिवशी बंद केलं, तसं घरात जाहीर केलं आणि तोंडाची चव गेल्याची भरपाई लोणचं, पापड आणि फरसाणावर करू लागलो. सगळं मीठ तिथेच दबा धरून बसलेलं असतं, हे हिने बरणी उचलून नेताना सांगितलं.

राहिला व्यायाम. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालायचं, इतकं की बोलता यावं पण गाता येऊ नये. गाता तर मला जन्मापासून येत नाही. त्या हिशेबाने माझा व्यायाम पाळण्यातच सुरू झाला होता. तरी खात्री करावी म्हणून सोसायटीला फेऱ्या मारताना एक नाट्यपद सुरू केलं. वॉचमन खुर्ची घेऊन धावत आला.

परवा भाच्याच्या खिशात सिगारेटचं पाकीट सापडलं, तेव्हा साहजिकच समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. म्हटलं, "अरे, वय आणि वाडवडील बदलता येत नाहीत. पण सिगारेट सोडलीस तर वर्षभरात धोका बराच उतरतो. बाकीचंही पुष्कळसं आपल्याच हातात असतं!" आणि पटावं म्हणून हात उंच करून दाखवला.

हातात चकली होती.