वाढमामा

नगरच्या आमच्या मंडळीत त्यांना सगळे वाढमामा म्हणतात. तोंडावर नव्हे, पण त्यांना ठाऊक आहे. रस्त्यात भेटले की आधी "सलाम", मग आपला हात स्वतःच्या दोन्ही हातांत घेणार आणि मग तो प्रश्न: "काय रे, आत्मिक वाढ काय म्हणते?" उत्तर मिळेपर्यंत हात सुटत नाही, मग तुम्ही चितळे रोडला मेथीच्या जुड्या निवडत असा नाहीतर एस.टी.च्या रांगेत असा. "चाललंय, मामा" म्हणून भागत नाही. "चाललंय कुठं, ते सांग."

जानेवारीत तर त्यांना ऊतच येतो. वर्षभरात पवित्र शास्त्र वाचून काढायचं गणित ते दिसेल त्याला कागदावर मांडून देतात. पुस्तकं 66, अध्याय 1189. रोज तीन, रविवारी पाच, की डिसेंबरात काम फत्ते. गणित चोख आहे. गोम एवढीच की, या हिशेबानं जानेवारी सरता सरता लेवीय लागतं. उत्पत्तीत भावाभावांची भांडणं, निर्गमात समुद्र दुभंगतो, तोवर माणूस रंगलेला असतो. आणि एकदम समोर येतात होमार्पणं, चरबी आणि गुरदे. निम्मी मंडळी दर साली तिथंच बसकण मारते.

मामांना हे पाठ आहे. फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी उपासना सुटली की ते दाराशी उभे राहून चेहऱ्यावरूनच ओळखतात. "तेराव्यात अडकलास ना? चट्ट्यांच्या अध्यायात?" रागावणं मात्र नाही. "असू दे. रोज एक वाच. पण सोडू नको." आणि वर ठरलेला दाखला: "नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 चा. लक्ष्मीबाईंना 1900 उजाडलं. पाच वर्षं! आणि 'स्मृतिचित्रे' कोणी लिहिलं मग?" हाच दाखला ते दहावीत गचकलेल्या पोरांना देतात, आणि तालमीला उशिरा येणाऱ्या गायकवृंदालाही. खरं सांगायचं तर पोरांना तो पाळकसाहेबांच्या उपदेशापेक्षा जास्त लागू पडतो.

त्यांचं पवित्र शास्त्र एकदा हातात घेऊन बघावं. रेक्झिनचं चेनवालं कव्हर, कडेला खोचलेली तीन पेनं. लाल आज्ञेला, निळं अभिवचनाला, हिरवं वाढीला. गलतीकरांच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, आत्म्याच्या फळांपाशी हिरव्यानं नुसता मळा फुललाय. फळं नऊ. आठांपुढे बरोबरची खूण. सहनशीलतेपुढे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह, खोडून पुन्हा काढलेलं; कागद तिथं पार झिजलाय.

कारण मामा तापट आहेत. तिसऱ्या बाकावरची पंख्याखालची जागा त्यांची. तिथं पाहुणा बसला तर कान लाल होतात. फाटकात कोणी मोटारसायकल आडवी लावली तर आवाज थेट वेदीपर्यंत पोचतो. दोन मिनिटांनी स्वतःच त्या पोराच्या खांद्यावर हात टाकून म्हणणार, "आत्ता बोलला ना, तो जुना मनुष्य होता बरं का." यावर मामी एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "मग नवा कधी येणारे? भाकरी टाकायला बरं!"

31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत साक्षी होतात. मामा दरवर्षी उठतात, घसा खाकरतात आणि सांगतात, "प्रभूच्या कृपेनं यंदा राग पुष्कळ कमी झाला." त्याबरोबर बायकांच्या बाजूनं खोकला येतो. एकच, कोरडा. कोणाचा, हे मागच्या बाकावरच्या लहान मुलांनासुद्धा कळतं. मामा थांबतात आणि "पुष्कळ"चं "थोडासा" करतात.

गेल्या साली खोकला आलाच नाही. मामा "पुष्कळ"वर थबकले, वाट पाहिली, आणि छाती फुगवून बायकांकडे वळून बघितलं. मामी शालीत तोंड घालून पेंगत होत्या. मामांनी घसा खाकरला आणि साक्ष पहिल्यापासून, चांगली मोठ्यानं, पुन्हा सुरू केली.