फटकावीरास अनावृत पत्र

चि. फटकावीर यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या आठवड्यात धीमी लोकल कळवा स्टेशन सोडून मुंब्र्याकडे निघाली आणि सिग्नलला रेंगाळली, तेव्हा रुळालगतच्या खांबाआडून तू माझ्या हातावर काठी मारलीस आणि माझा अकरा हजारांचा मोबाईल घेऊन पसार झालास. तुझा पत्ता ठाऊक नाही, म्हणून पत्र जाहीर. वाचायचा कंटाळा आला तर वकिलाकडे दे, पुढचा सगळा मजकूर त्याच्याच कामाचा आहे.

तू नवखा आहेस हे मी लगेच ओळखलं. मुरलेल्या माणसाला दोन फटके लागत नाहीत. तुझी पहिली काठी दरवाज्याच्या दांड्यावर वाजली, दुसरी माझ्या मनगटावर. मोबाईल खडीत पडला तर तो उचलायचा सोडून तू माझ्याकडेच बघत उभा! मिसरूडही धड फुटलेलं नाही. तेव्हा हा तुझा पहिलाच गुन्हा असावा असं धरून चालतो, आणि त्याबद्दल तुझं अभिनंदन करतो. आपल्या कायद्याला पहिलटकरांचं भारी कौतुक आहे.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या ३०३व्या कलमात खास तुमच्यासाठी सोय आहे. पाच हजारांच्या आतली चोरी असेल, आधी कधी शिक्षा झालेली नसेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. आता तुझा निकाल बघ. मोबाईल अकरा हजारांचा, म्हणजे तिथेच नापास. वर काठी! गर्दीत खिशातून अलगद काढला असतास तर ती साधी चोरी. हातातून हिसकावला की कलम ३०४ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि तिथे समाजसेवेचं नाव नाही. मनगट सुजवून नेलास म्हटल्यावर तर जबरी चोरीच लावता येते. मग गोष्ट दहा वर्षांपर्यंत जाते. हातात काठी घेण्याआधी एखाद्या वकिलाला विचारायचंस तरी.

बरं, समजा तू शहाण्यासारखा चार हजारांचा मोबाईल हळूच उचलला असतास. पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र, म्हणजे एन.सी. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. माझ्या हाती एन.सी.चा कागद, तुझ्या हाती मोबाईल. तू सापडणार नाहीस, खटला उभा राहणार नाही आणि तुझी समाजसेवा संहितेच्या पानात सुखाने झोपून राहील.

माझी बाजूही ऐकून घे. आम्ही दारात हवा खायला उभे राहत नाही. आत पाय ठेवायला जागा नसते म्हणून उभे राहतो. कळव्यातली सभ्य माणसं सकाळी बसायला जागा मिळावी म्हणून रूळ ओलांडत कारशेडपर्यंत चालत जातात. रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमाखाली त्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारातली माणसं खाली पडून मेली, तुझ्यासारख्या कुणाची काठी मध्ये नसताना. फटक्याने तोल जाऊन हातपाय गमावलेले प्रवासीही या मार्गावर आहेत. त्यामुळे तुला माफ करावं असं मला मुळीच वाटत नाही. तुझं काय करावं, एवढाच प्रश्न आहे.

त्याचंही उत्तर सरकारने शोधून ठेवलंय, १९५८ सालीच. अपराधी परिवीक्षा अधिनियम. किरकोळ चोरीत आधी शिक्षा झालेली नसेल तर न्यायालय नुसती समज देऊन सोडू शकतं, किंवा चांगल्या वर्तनाचा बाँड घेऊन परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली घरी पाठवू शकतं. आरोपी एकवीसच्या आतला असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल, तर तुरुंगात का पाठवतोय याची कारणं न्यायाधीशाने लिहून द्यायची असतात. वाचून तुझे डोळे पाणावले असतील. थांब. हे सगळं दोषी ठरल्यानंतरचं आहे. दोषी ठरायला खटला संपावा लागतो, आणि खटला संपेपर्यंत जामीनदार नसलेला मुलगा कुठे असतो, ते कळवा पुलावरून ठाण्याकडे जाताना कुणीही दाखवेल.

ठाण्याचा तुरुंग मूळचा किल्ला. पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे १८१६ साली इथूनच इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन निसटले. तुला ते जमेल असं तुझ्या काठीच्या नेमावरून वाटत नाही. न्यायालयही तिथून जवळच आहे, पण तारखा पडत गेल्या की तेवढ्याशा अंतराला महिने लागतात. देशातल्या दर चार कैद्यांमधले तीन अजून दोषी ठरलेले नसतात. त्यांच्यासाठीही नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, ४७९व्या कलमात, पहिलटकराला सवलत आहे. कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की बाँडवर सुटका. तीन वर्षांच्या गुन्ह्याला एक वर्ष. जबरी चोरी लागली तर तीन वर्षं चार महिने. तेवढ्या मुदतीत बराकीतले वडीलधारे तुला पुढचं शिक्षण देतील, तेही बिनफी. पुढच्या वेळी पहिला फटका तू दांड्यावर वाया घालवणार नाहीस.

आणि सुटून आल्यावर? सिक्युरिटीची नोकरी घे, डिलिव्हरीची घे, पोलीस व्हेरिफिकेशन आलंच. परिवीक्षेवर सुटलेल्याला दोषसिद्धीमुळे कुठली अपात्रता येऊ नये असं १९५८चा कायदा बाराव्या कलमात म्हणतो. एजन्सीच्या सुपरवायझरने बारावं कलम वाचलेलं असेल, अशी आशा ठेवू.

अमेरिकेत १९६०च्या दशकातच काही शहरांनी आधी दोष, मग सवलत हा क्रम उलटा करून पाहिला. १९६७मध्ये न्यूयॉर्कच्या व्हेरा संस्थेने मॅनहॅटनच्या न्यायालयात एक प्रयोग सुरू केला. अटक झालेल्याचा खटला काही महिने बाजूला ठेवायचा, त्याला नोकरी शोधून द्यायची, समुपदेशन करायचं, आणि नीट वागला तर आरोपच मागे घ्यायचे. दोषी ठरवण्याआधीच वाट बदलायची. त्या योजनांवरही टीका झाली, दोष नसलेली माणसंही कटकट नको म्हणून सही करतात, वगैरे. टीका रास्तच आहे. पण टीका करण्यासाठीसुद्धा आधी योजना असावी लागते.

आपल्याकडे खटल्याआधी वाट वळवून मिळत नाही असं मात्र म्हणू नकोस. १९ मे २०२४ला पुण्यात, कल्याणीनगरला, एका सतरा वर्षांच्या मुलाने पोर्शे गाडीने दोन तरुण इंजिनिअर चिरडले. काही तासांत बाल न्याय मंडळाकडून जामीन आणि रस्ते अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. लोक खवळले, आदेश फिरला, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाचे डॉक्टर पकडले गेले. अल्पवयीन मुलाला सुधारायची संधी द्यावी, हे तत्त्व मला मान्य आहे. माझी तक्रार एवढीच की ती संधी मिळायला तासही पुरतात हे त्या दिवशी कळलं, आणि तुझ्या वस्तीतल्या पोरांसाठी मात्र घड्याळ वर्षांचं लावलेलं आहे. तुला अठरा पूर्ण नसतील तर लगेच सांग, मी निबंधाचे मुद्दे काढून देतो. विषय: ‘लोकलच्या दारातील प्रवासी’.

अठरा पूर्ण असतील तर माझ्या मनात एक शिक्षा आहे. तीन महिने रोज सकाळी साडेसात ते साडेनऊ कळव्याच्या फलाटावर उभं राहायचं आणि म्हातारी माणसं, पोटुशा बायका, अपंग प्रवासी यांना गाडीत चढवून द्यायचं. शेजारी परिवीक्षा अधिकारी. दुपारी काहीतरी कामधंदा शिकायचा. माझ्या मोबाईलचे पैसे हप्त्याने फेडायचे. हे सगळं खटला उभा राहण्याआधी, तुझ्या नावावर डाग न लावता. पहिल्या आठवड्यातच तू तुरुंग मागशील याची मला खात्री आहे, पण तो द्यायचा नाही.

असं करायला कायद्यात आज जागा नाही. तेव्हा निदान वकिलासाठी एक मुद्दा देऊन थांबतो. तक्रारीची प्रत घेऊन मी सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर तो मोबाईल ब्लॉक केला आहे. आता त्यात कुठलंही सिम चालणार नाही. भंगारात त्याचे पाच हजार काय, पाचशेही येणार नाहीत. किंमत चोरीच्या दिवशीची धरायची असते असं सरकारी वकील म्हणतील, आणि तुझी काठी आडवी येईलच. तरी युक्तिवाद करून बघायला काय जातं?

कळावे, लोभ असावा,
मनगटाला क्रेप बँडेज बांधलेला
कळव्याचा एक पासधारक

ता. क. : कव्हरच्या मागच्या खिशात माझा तिमाही पास आहे. त्यावर फोटो माझा, तुला उपयोग शून्य. तो तेवढा फलाटावरच्या वडापाववाल्याकडे ठेव.